कामकरी स्त्रीची रात्र : झोप, लैंगिक आरोग्य आणि कायदा
(मुंबई व भांडुप परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

इ. स. १८९१ मध्ये हिंदुस्थान सरकारने केलेल्या कायद्यांच्या यादीत दहावा आणि अकरावा हे दोन कायदे एकापाठोपाठ येतात. दहावा कायदा संमतिवयाचा होय. पत्नीशी शरीरसंबंध ठेवण्यासाठी तिचे किमान वय दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेणारा हा कायदा. अकरावा कायदा कारखान्यांविषयीचा असून त्याने स्त्री-कामगारांचे काम दिवसाला अकरा तासांपुरते मर्यादित केले आणि, पाळीपद्धतीचा अपवाद वगळता, रात्री आठ ते पहाटे पाच या वेळात त्यांना कामावर ठेवण्यास मनाई केली. पहिल्या कायद्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, बेहरामजी मलबारी, आगरकर आणि टिळक यांच्या भूमिका काय होत्या, हे इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. दुसऱ्या कायद्याचा उल्लेख कामगार चळवळीच्या इतिहासात येतो. एकाची चर्चा समाजसुधारणेच्या प्रकरणात, तर दुसऱ्याची औद्योगिक कायद्यांच्या प्रकरणात, अशी ही विभागणी पाठ्यपुस्तकांत रूढ झाली आहे. परंतु हे दोन्ही कायदे स्त्रीच्या रात्रीसंबंधी आहेत. एक घरातील रात्रीसंबंधी, दुसरा कारखान्यातील रात्रीसंबंधी.

स्त्रीची झोप आणि तिचे लैंगिक आरोग्य यांतील संबंध हा विषय आज प्रामुख्याने वैद्यकशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. कारखान्यातील रात्र शासनाने मोजली, तिच्यावर बंधने घातली व पुढे ती बंधने सैलही केली. घरातील रात्र मात्र कोणत्याही अहवालाच्या कक्षेत नीट आली नाही. दुसरीकडे, लैंगिक आरोग्याविषयी ज्यांनी धैर्याने लिहिले व कार्य केले त्यांच्या चर्चेच्या केंद्रस्थानी संतती, गुप्तरोग आणि नीती हे प्रश्न राहिले. परिणामी थकलेले शरीर आणि लैंगिक जीवन यांचा संबंध दोन्ही प्रवाहांच्या मधोमध सुटून गेला. हा संबंध कोठे व कसा सुटला, हे मुंबईच्या गिरण्यांपासून भांडुपसारख्या औद्योगिक उपनगरापर्यंत शोधणे हा या निबंधाचा हेतू आहे.

वैद्यकीय भूमिका :

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यकारी व्याख्येनुसार लैंगिक आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा वा व्यंगाचा अभाव नव्हे, तर लैंगिकतेच्या संदर्भातील शारीरिक, भावनिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती होय. या व्यापक अर्थाने पाहिल्यास झोपेचा प्रश्न आपोआप पुढे येतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १७१ तरुणींच्या झोपेची व लैंगिक अनुभवांची दोन आठवडे दररोज नोंद घेण्यात आली. एका तासाची अधिक झोप मिळाली असता दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी लैंगिक संबंध येण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. या महाविद्यालयीन तरुणींच्या खोलीत सासू-सासरे झोपत नव्हते, एवढे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. अंगावरून पांढरे जाणे, योनिमार्गाचा दाह व खाज, लघवीची जळजळ, पाळीच्या दिवसांतील पोटदुखी, ओटीपोटातील जुनाट वेदना आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास रात्री अंग एकाएकी तापून घाम फुटणे, ही सर्व लक्षणे झोप मोडणारी आहेत. अशा तक्रारी किती सार्वत्रिक आहेत हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने कुटुंबनियोजनापलीकडेही स्त्रीला शरीर असते, ही जाणीव आरोग्य धोरणास करून दिली. 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार मराठी स्त्रिया दुखण्याच्या संदर्भात जितक्या सहजतेने वापरतात, तितक्याच सहजतेने त्या जागरणही अंगावर काढतात. या दोहोंची बेरीज कोणत्याही दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिली जात नाही.

गिरणीतील स्त्री आणि 'विश्रांती'चा प्रश्न :

दि. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरली. या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. मागणी साप्ताहिक सुटीची होती आणि त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुटी मान्य झाली. स्त्री-कामगारांनी सार्वजनिक व्यासपीठावरून केलेली ही आरंभीची मागणी विश्रांतीची होती, ही बाब महत्त्वाची वाटते. मात्र त्या विश्रांतीच्या दिवशी स्त्रीने काय करावे याविषयी तत्कालीन चर्चेत फारसे काही नाही. धुणी, दळण आणि आठवड्याचा बाजार यांना सुटी मिळाली नव्हती.

गिरण्यांत स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग व रिळिंग खात्यांत असत. १९२० च्या दशकात त्यांचे प्रमाण एकूण कामगारांच्या सुमारे एक-पंचमांश होते. याच काळात मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना स्त्री-कामगारांच्या प्रसूतिविषयक स्थितीची पाहणी करण्यास नेमले. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतील एक आकडा आजही वाचकास थांबवतो. कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. अफूमिश्रित 'बाळागोळी' देऊन मूल झोपविल्याशिवाय आईला गिरणीत जाता येत नसे. या आकड्याचा उपयोग पुढे आईच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून अधिक झाला. वस्तुतः तो झोपेच्या वाटपाचा पुरावा आहे. पुरेशी झोप ज्या घरात कोणालाच मिळत नव्हती, त्या घरात ती विकत आणून सर्वांत लहान जिवाला दिली जात होती.

बार्न्स यांच्या पाहणीने प्रसूतिपूर्व व प्रसूतिपश्चात विश्रांतीचा प्रश्न कायदेमंडळापर्यंत नेण्यास हातभार लावला. मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी आणलेल्या प्रसूती साहाय्य विधेयकावर १९२८ मध्ये बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगून विधेयकास पाठिंबा दिला. १९२९ च्या कायद्याने गिरणीतील स्त्रीला प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे याप्रमाणे साहाय्य मिळू लागले. स्त्रीची विश्रांती ही मालकाने पैसे मोजून द्यावयाची वस्तू आहे, हे तत्त्व मुंबईत प्रथम या मार्गाने आले. पण या तत्त्वाची मर्यादाही त्यातच होती. विश्रांती मिळाली ती मातेला. जी स्त्री त्या वर्षी बाळंत होणार नव्हती, तिच्या थकव्याला कोणतेही कलम लागू नव्हते.

डॉ. आंबेडकरांचा विचार मात्र येथे थांबत नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. डॉ. आंबेडकर त्या दिवशी अनुपस्थित असल्याने त्यांचे भाषण रोहम यांनी सादर केले. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर झिजते आणि गर्भधारणा टाळण्याची मोकळीक असावी की नाही हे स्त्रीच्या इच्छेवर सोपवावे, असा त्या भाषणाचा आशय होता. ठराव फेटाळला गेला. मजूर स्त्रीच्या लैंगिक जीवनातील इच्छेचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विधिमंडळात मांडला जाण्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

र. धों. कर्वे यांचे कार्य याच काळातील. १९२१ मध्ये त्यांनी गिरगावात संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. १९३४ मध्ये या मासिकावर झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. स्त्रीला कामसुखाचा अधिकार आहे, हे मराठीत निःसंदिग्धपणे सांगणारा दुसरा लेखक त्या काळात सहसा आढळत नाही. परंतु कर्व्यांचा वाचक प्राधान्याने शिक्षित मध्यमवर्गीय होता. कामसुखासाठी ज्ञान हवे, साधने हवीत आणि भीती नको, हे त्यांनी पटवून दिले. त्यासाठी दार लावता येईल अशी खोली आणि मध्ये न तुटणारी रात्र हवी, हे गिरगावापासून दोन-तीन मैलांवरील परळच्या चाळीत गेल्याशिवाय जाणवण्यासारखे नव्हते.

एका खोलीची रात्र :

१९११ च्या शिरगणतीनुसार मुंबईची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. 'बीडीडी चाळी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. या खोल्यांत कुटुंबाबरोबर गावाकडचे भाऊबंद आणि खाणावळीचे गडीही असत. पुरुषांनी गॅलरीत, जिन्यात वा रस्त्यावर झोपावे आणि स्त्रिया-मुलांनी आत, अशी विभागणी रूढ होती. तिच्यामुळे स्त्रीला आतली जागा मिळाली असे वरवर दिसते. पण आतली जागा म्हणजे चूल, मोरी, रडणारे मूल आणि आजारी माणूस यांच्यालगतची जागा.

१९३० च्या दशकात गिरण्यांत दोन पाळ्या आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिसरीही आली. स्त्रियांना रात्रपाळीस मनाई असल्याने त्या कारखान्याच्या रात्रीपासून सुरक्षित राहिल्या असे कायद्याच्या भाषेत म्हणता येईल. व्यवहारात दोन गोष्टी घडल्या. रात्रपाळीची मनाई, यंत्रांची सुधारणा व प्रसूती साहाय्याचा खर्च या कारणांनी मालकांनी स्त्रियांची भरती कमी केली आणि १९७० च्या दशकापर्यंत गिरण्यांतील त्यांचे प्रमाण अगदीच अल्प उरले. दुसरी गोष्ट घरात घडली. तिन्ही पाळ्या घरात शिरल्या. मध्यरात्री सुटणाऱ्या पाळीचा नवरा साडेबाराला जेवावयास येई, सकाळच्या पाळीचा दीर साडेपाचला डबा घेऊन निघे, आणि रात्रपाळी करून आलेला सासरा दिवसा झोपे. 'रात्रपाळी करून आलाय, आवाज करू नका' हे वाक्य चाळीतल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले आहे. पुरुषाची झोप ही श्रमाची पूर्तता म्हणून मान्य होती. तिच्या रक्षणाचे काम स्त्रीकडे होते आणि त्या रक्षणात तिची स्वतःची झोप खर्ची पडत होती.

गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रियांची स्थिती याहून कठीण. वेगवेगळ्या पाळ्यांच्या दहा-पंधरा गड्यांसाठी त्या स्वयंपाक करीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना संघटित केले व सावकारांच्या कर्जातून सुटण्यासाठी बँकांचे दरवाजे उघडून दिले. या स्त्रियांचा दिवस कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे गिरणीच्या भोंग्यांवरूनच सांगता येत असे.

मराठीत 'पाळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, कामाची वेळ आणि मासिक धर्म. पहिल्या पाळीची वेळ कायद्याने ठरविली, दुसऱ्या पाळीविषयी बोलणे निषिद्ध राहिले. एका खोलीत बाजूला बसण्याचे दिवस पाळणारी स्त्री दाराजवळच्या गार फरशीवर झोपे, त्याची नोंद कोणत्याही लेबर गॅझेटात नाही.

या रात्रीत दांपत्यजीवन कोठे बसत होते? याचे उत्तर मराठी चित्रपटाने विनोदाच्या अंगाने दिले आहे. राजा ठाकूर दिग्दर्शित 'मुंबईचा जावई' (१९७०) आणि त्यावर आधारित बासू चटर्जी यांचा हिंदी 'पिया का घर' (१९७२) यांचा विषयच मुळी नवविवाहितांना एकांत न मिळणे हा होता. प्रेक्षक हसले, कारण अनुभव ओळखीचा होता. मात्र सर्व माणसे झोपेपर्यंत जागे राहावयाचे, मग कान घराकडे ठेवून घाईने जवळ यावयाचे, आणि नळ येण्याआधी उठावयाचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालतो तेव्हा त्यात विनोद उरत नाही. ज्या शरीरसंबंधाची किंमत दर वेळी झोपेने चुकवावी लागते, तो स्त्रीला नकोसा वाटू लागला तर त्यास शीतलता म्हणण्याचा प्रघात होता. त्याचे मूळ जागेत आणि वेळेत आहे हा विचार गृहनिर्माणाच्या चर्चेत आला नाही.

भांडुप : उपनगरातील रात्र :

गिरणगावाकडून उपनगराकडे वळताना भांडुपचा विचार उपयुक्त ठरतो. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुप येथे आले असताना मुंबई-ठाणे लोहमार्गाची कल्पना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. १८५३ मध्ये धावलेली पहिली गाडी याच गावाजवळून गेली. मिठागरे, भातशेती आणि पश्चिमेकडील डोंगर यांच्या मधल्या या गावाचे औद्योगिक उपनगरात रूपांतर होण्यास मात्र आणखी शंभर वर्षे लागली. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत वाढविण्यात आली, १९५७ मध्ये ती मुलुंडपर्यंत पोहोचली. १९५८ मध्ये सिएटचा टायर कारखाना भांडुपमध्ये आला. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांस अभियांत्रिकी, रंग व औषधनिर्मितीचे कारखाने उभे राहिले. कोकणातून व देशावरून आलेल्या कामगारांनी पश्चिमेकडील डोंगरउतारावर वस्ती केली.

टायर व अभियांत्रिकी कारखाने हे प्राधान्याने पुरुषांचे आणि अखंड तीन पाळ्यांत चालणारे. स्त्रियांना काम मिळे ते औषधे व प्रसाधनांच्या पॅकिंगमध्ये, आणि तेही बहुधा अविवाहित मुलींना. मुंबईतील एका औषध कंपनीच्या नियमानुसार या खात्यातील स्त्रीने विवाह केल्यास तिची नोकरी संपुष्टात येत असे. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, असा व्यवस्थापनाचा युक्तिवाद होता. बॉम्बे लेबर युनियनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ मध्ये न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. या खटल्याचा उल्लेख समान संधीच्या संदर्भात होतो, तो योग्यच आहे. परंतु त्याचा आणखी एक अर्थ लावता येतो. विवाहित स्त्रीची रात्र ही दिवसाच्या उत्पादनास मारक आहे, हे कारखानदारांना पुरते ठाऊक होते. त्यांनी तिची रात्र बदलण्याचा नव्हे, तर तिला वगळण्याचा मार्ग पत्करला होता.

भांडुपच्या डोंगरउतारावरील टेंभीपाडा, खिंडीपाडा, हनुमाननगर यांसारख्या वस्त्यांत रात्रीचे स्वरूप पाण्याने ठरविले. वैतरणा व भातसा खोऱ्यांतून येणारे पाणी ज्या जलशुद्धीकरण संकुलात शुद्ध होऊन शहरभर जाते ते आशियातील मोठ्या संकुलांपैकी एक असून ते भांडुपमध्येच आहे. त्याच्या परिसरातील चढावरच्या वस्त्यांत मात्र पाण्याची वेळ आणि दाब यांवर स्त्रियांचे उठणे अवलंबून राहिले. ग्रामीण महाराष्ट्रात पहाटेचे जाते स्त्रीला उठवीत असे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हां यांनी संकलित केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हा त्या पहाटेचा दस्तऐवज आहे. शहरात पिठाची गिरणी आल्याने जाते गेले, पण पहाट स्त्रीला परत मिळाली नाही, ती नळाने घेतली. जात्यावर निदान ओवी होती आणि आपल्या मनातले बोलण्याची मोकळीक होती. हंड्यांच्या रांगेत तिची जागा भांडणाने घेतली.

पाण्याइतकाच शौचालयाचा प्रश्न झोपेशी व लैंगिक आरोग्याशी थेट जोडलेला आहे. घरात शौचालय नसलेल्या वस्तीत स्त्रिया सायंकाळनंतर पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात आणि पहाट होण्याची वाट पाहतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, त्यातून रात्री वारंवार लघवीची भावना, त्यातून पुन्हा जागरण आणि शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, असे हे चक्र आहे. पाळीच्या दिवसांत ते अधिक तीव्र होते. २०११ पासून मुंबईतील स्वयंसेवी संस्थांनी चालविलेल्या 'राइट टू पी' मोहिमेने स्त्रियांच्या मुताऱ्यांचा प्रश्न प्रथमच सार्वजनिक केला. मोहिमेचा रोख मुख्यतः कामासाठी बाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या दिवसाकडे होता. रात्री दोन वाजता डोंगर उतरावा की थांबावे, हा निर्णय अंधारात एकटीनेच घ्यावयाचा राहिला.

१९८२ च्या गिरणी संपानंतर आणि पुढे पूर्व उपनगरांतील कारखाने एकामागून एक बंद होत गेल्यावर भांडुपमधील पुरुषाची पाळी संपली, किंवा सुरक्षारक्षक व रिक्षाचालकाच्या अनियमित वेळांत विरून गेली. स्त्रिया मुलुंड व पवईच्या इमारतींत घरकामास जाऊ लागल्या, किंवा पोळी-भाजीचे डबे व घरबसल्या मिळणारे तुकड्यावरचे काम करू लागल्या. अशा कामाला कारखाने कायदा लागू नसल्याने त्याला रात्रही नाही. पुनर्वसन योजनेतील घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट, २००८ पासून २६९ आणि २०१८ च्या विकास नियमावलीनुसार ३०० चौरस फूट झाले. शौचालय आत आले, ही या घरांची सर्वांत मोठी देणगी मानावी लागेल. झोपण्याची खोली बहुतांश कुटुंबांत एकच राहिली.

बंदी उठते तेव्हा :

रात्रपाळीची बंदी ही संरक्षण होती की बहिष्कार, हा वाद जुना आहे. तिचा निवडक स्वभाव एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. ही बंदी परिचारिकांना कधीच लागू झाली नाही. रुग्णालय हा कारखाना नव्हता आणि रुग्णशुश्रूषा हा स्त्रीचा धर्म मानला गेला होता. झोपेवाचून स्त्रीशरीरावर काय परिणाम होतात, याचे सर्वांत भक्कम पुरावे पुढे याच परिचारिकांकडून मिळाले. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासावर आधारित व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीस वा अधिक वर्षे फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ३६ टक्क्यांनी अधिक आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचे काम 'संभाव्य कर्करोगकारक' ठरविले आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवले.

योगायोग असा की ज्या दशकांत हे ज्ञान साकारत होते त्याच दशकांत भारतात बंदी सैल होत गेली. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये कारखाने अधिनियम १९४८ मधील रात्रपाळीबंदीची तरतूद समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. महाराष्ट्राने २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने रात्री साडेनऊनंतर स्त्रियांच्या संमतीने त्यांना काम देण्याची मुभा दिली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातही संमती व सुरक्षितता या अटींवर रात्रीचे काम खुले झाले. समान संधीच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे व जुन्या बंदीकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु सुरक्षिततेचा अर्थ वाहन, प्रकाश आणि छळापासून संरक्षण एवढाच घेतला गेला आहे. रात्रपाळी करून सकाळी भांडुपला परतलेल्या स्त्रीसाठी 'आवाज करू नका' असे कोण म्हणते, हे संहितेच्या कक्षेबाहेर आहे.

१८९१ च्या दहाव्या कायद्याचा प्रवास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. पत्नीचे किमान वय वाढत अठरापर्यंत आले. मात्र अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने तिच्या इच्छेविरुद्ध ठेवलेला संबंध बलात्कार ठरत नाही, हा अपवाद २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कायम राहिला. कारखान्यातील रात्रीसाठी स्त्रीची संमती आता कायद्याने आवश्यक आहे. घरातील रात्रीसाठी ती या अर्थाने आवश्यक नाही.

नोंदी आणि मोजमाप :

घरातील रात्रीचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोणती, हा अभ्यासकापुढील खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे खर्च करतो. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. ही सर्वेक्षणे मोलाची आहेत. पण त्यांत दिवस अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदविला जातो आणि दहा मिनिटांहून कमी चाललेली कृती नोंदीत येत नाही. मूल रडले म्हणून उठणे, सासऱ्यांना पाणी देणे, नवऱ्यासाठी कडी काढणे, ही सर्व कामे पाच-पाच मिनिटांची. तक्त्यात ती स्त्री सलग झोपलेली दिसते.

लैंगिक आरोग्याची नोंद राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सापडते. त्याचे समन्वयन भांडुपपासून फार दूर नसलेल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होते. संततिनियमनाची साधने, योनिस्राव, गुप्तरोगांची लक्षणे यांविषयी त्यात प्रश्न आहेत, झोपेविषयी नाहीत. मात्र एके ठिकाणी हे दोन विषय परस्परांना स्पर्श करतात. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत विचारला गेलेला आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीतही असलेला एक प्रश्न असा आहे, की पत्नीने पतीस शरीरसंबंधास नकार देणे कोणत्या परिस्थितीत योग्य आहे. पतीस गुप्तरोग असल्यास, पतीचे अन्य स्त्रियांशी संबंध असल्यास, आणि ती थकलेली असल्यास वा तिची मनःस्थिती नसल्यास, असे तीन पर्याय त्यात दिले आहेत. तिसऱ्या पर्यायात थकवा आणि अनिच्छा एकाच वाक्यात बसविलेली आहेत. उत्तर 'होय' वा 'नाही' असे नोंदविले जाते आणि प्रश्नावली पुढील प्रश्नाकडे जाते. ती कशाने थकलेली आहे, हे तेथे विचारलेले नाही.